प्लेगची खबर : मुंबई-पुण्यातील साथ आणि जाहीर माहितीचा इतिहास

1896 च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा तार, छापखाना, रेल्वे आणि देशी वर्तमानपत्रे या चारही गोष्टी शहरात रुळलेल्या होत्या. रोगाची बातमी एका दिवसात इलाखाभर आणि काही दिवसांत युरोपपर्यंत पोचू शकत होती. तरीही रोग काय आहे, तो कसा पसरतो, दवाखान्यात नेलेल्या माणसाचे काय होते आणि घरच्यांनी काय करावे, या साध्या प्रश्नांची उत्तरे चाळीतल्या माणसाला कित्येक महिने धड मिळाली नाहीत. त्या काळात हुकूम पुष्कळ निघाले, पण माहिती फारच थोडी दिली गेली. त्यातून जे घडले, त्यामुळे ही साथ वैद्यकाइतकीच जाहीर माहितीच्या इतिहासातही महत्त्वाची ठरते.

निदान आणि पहिली घोषणा

मांडवी हा मुंबई बंदरालगतचा धान्याच्या वखारींचा भाग. 1896 च्या सप्टेंबरात तेथील रहिवासी जोराचा ताप येऊन, काखेत किंवा जांघेत गाठ उठून दोन-चार दिवसांत दगावू लागले. वखारींतून उंदीरही मरून पडत होते. डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांचा दवाखाना याच परिसरात होता. ते मूळचे गोव्यातील हडफड्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि मुंबई म्युनिसिपालटीचे सभासद. रोग्यांची लक्षणे पाहून हा गाठीचा प्लेगच आहे, असे त्यांचे मत झाले आणि 23 सप्टेंबर 1896 रोजी त्यांनी ते म्युनिसिपालटीच्या स्थायी समितीपुढे स्पष्टपणे मांडले.

ही घोषणा सहजासहजी पचण्यासारखी नव्हती. प्लेगचे नाव निघाले की मुंबईच्या जहाजांना परदेशी बंदरे बंद होणार, माल अडकणार आणि यात्रेकरूंची वाहतूक थांबणार, हे व्यापाऱ्यांना आणि सरकारला ठाऊक होते. म्हणून सुरुवातीची अधिकृत भाषा सावध राहिली. ‘प्लेग’ म्हणण्याऐवजी गाठींच्या तापाविषयी बोलले जाई. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले आणि त्यांच्या तपासणीने व्हिएगस यांच्या निदानाला दुजोरा मिळाला. तोवर शहरात खासगीत प्लेगचेच नाव घेतले जात होते. सरकार हातचे राखून बोलते आहे, हा समज साथीच्या पहिल्याच पंधरवड्यात रुजला आणि पुढची दोन वर्षे तो निघाला नाही. व्यापाराविषयीची भीती मात्र खोटी ठरली नाही. फेब्रुवारी 1897 मध्ये व्हेनिस येथे प्लेगसाठीच आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि त्या वर्षी हिंदुस्थानातून हजला जाणाऱ्यांवर बंदी आली.

हुकमांची भाषा

6 ऑक्टोबर 1896 रोजी म्युनिसिपल कमिशनर पी. सी. एच. स्नो यांनी जाहीरनामा काढला. प्लेगच्या रोग्याला सक्तीने इस्पितळात हलवणे, त्याचे घर धुऊन काढणे आणि संसर्ग झालेले सामान नष्ट करणे, हे अधिकार त्यात म्युनिसिपालटीने घेतले. रोग्यावर उपचार काय होणार, नातेवाइकांना भेटता येईल की नाही, जातीची आणि सोवळ्याओवळ्याची व्यवस्था काय, मेल्यास प्रेत ताब्यात मिळेल की नाही, याबद्दल लोकांची खात्री पटेल असे कोणी सांगितले नाही. आर्थर रोडच्या इस्पितळात बहुतेक रोगी अखेरच्या अवस्थेत पोचत आणि म्हणून बहुतेक मरत. लोकांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला: इस्पितळातच माणसे मारतात. माणसांच्या शरीरातून मोमियाई नावाचे औषध काढले जाते, ही जुनी भीती पुन्हा उफाळून आली. 29 ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. शहराची सफाई करणारे हलालखोरही निघून गेले तर काय, या धास्तीने म्युनिसिपालटीने महिनाअखेर सक्ती बरीच सैल केली.

भिंतींवरच्या खुणांमधून या कारभाराची रीत दिसते. ज्या घरात प्लेगचा रोगी सापडे, त्याच्या दर्शनी भिंतीवर किंवा दारावर रंगाने वर्तुळ काढून तारीख घालत. एकेका चाळीच्या भिंतीवर अशी कितीतरी वर्तुळे दाटीने उमटली होती. त्या काळच्या छायाचित्रांतही ती दिसतात. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरावर ‘यू. एच. एच.’ ही तीन इंग्रजी अक्षरे मोठी करून लिहीत. ‘मनुष्यवस्तीस नालायक’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे होती. ही खूण अधिकाऱ्यांना आणि सफाईच्या टोळ्यांना पुरेशी होती, पण ज्यांचे बिऱ्हाड त्या घरात होते त्यांच्यापैकी फार थोड्यांना ती वाचता येत होती. घर का सोडायचे, किती दिवसांसाठी, परत येताना काय काळजी घ्यायची, हे त्या तीन अक्षरांत नव्हते. त्यामुळे प्लेगच्या पथकाकडून लोकांपर्यंत पोचला तो धाक. अंधाऱ्या खोल्यांत उजेड यावा म्हणून छपराची कौले काढली जात होती. तेही आतल्या माणसांना घर मोडण्यासारखेच वाटले.

फेब्रुवारी 1897 पर्यंत सुमारे साडेआठ लाख वस्तीच्या मुंबईतून जवळजवळ निम्मी माणसे बाहेर पडली. कोकणात, देशावर आणि गुजरातेत गेलेल्या या माणसांबरोबर रोग गेला, तशाच मुंबईच्या इस्पितळांच्या कथाही गेल्या. पुढे त्या गावांत प्लेग अधिकारी पोचले, त्याच्या आधीच त्यांच्याबद्दलची दहशत पोचलेली होती.

4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. मुळात अवघ्या चार कलमांचा हा कायदा सरकारला प्रवाशांची तपासणी करण्याचे, संशयितांना वेगळे ठेवण्याचे आणि नियम मोडणाऱ्यांना शिक्षा देण्याचे व्यापक अधिकार देतो. त्यात ‘जाहीर नोटीस’ हे शब्द आहेत, पण ते तात्पुरते नियम लागू करण्यापुरते. रोगाची वस्तुस्थिती लोकांना सांगण्याची कोणतीही जबाबदारी कायद्याने सरकारवर टाकलेली नाही.

पुण्यातील झडत्या

पुण्यात प्लेग वाढल्यावर फेब्रुवारी 1897 मध्ये वॉल्टर चार्ल्स रँड यांची प्लेग अधिकारी म्हणून नेमणूक झाली. मार्चच्या मध्यापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत गोऱ्या सोल्जरांच्या टोळ्या पेठांतून घरझडती घेत होत्या. माजघर, स्वयंपाकघर, देवघर यांत बूट घालून शिरणे, बायकांना उघड्यावर तपासणे, सामान बाहेर काढून जाळणे, अशा तक्रारी रोज होऊ लागल्या. रोगी सापडला तर त्याला इस्पितळात आणि घरच्यांना सेग्रिगेशन म्हणजे विलगीकरणाच्या छावणीत नेत.

साथ आटोक्यात आणायची तर सरकारलाही लोकांकडून खबर हवी असते: ताप कोणाला आला, गाठ कोणाला उठली, कोण कोठून आला. पुण्यात ही खबर देण्याचे फळ म्हणजे घरदार विस्कटणे, असे समीकरण झाले होते. परिणाम व्हायचा तोच झाला. लोक रोगी लपवू लागले. माळ्यावर, कपाटाआड, शेजारच्या वाड्यात त्यांना हलवू लागले. मृत्यूचे कारण दुसरेच सांगितले जाई आणि प्रेत गुपचूप हलवले जाई. सरकारी आकडे त्यामुळे अपुरे राहिले आणि त्या आकड्यांवर बेतलेले उपायही चुकत गेले.

याच दिवसांत काही माणसांनी लोकांमध्ये राहून काम केले. त्यांचा शब्द लोक मानत. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी पुण्याजवळ रोग्यांसाठी दवाखाना चालवला. रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाईंनाच प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईत गिरणी कामगारांचे पुढारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे कामगार वस्तीतील रोग्यांसाठी झटले आणि फेब्रुवारी 1897 मध्ये याच रोगाने गेले. ‘केसरी’चे संपादक टिळक यांनी पुण्यात हिंदूंसाठी वेगळे प्लेग इस्पितळ उभारण्यास पुढाकार घेतला. शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी टीका केली, आणि रोग्याला वेगळे ठेवणे आवश्यक आहे हेही सांगितले. आपल्या माणसांच्या देखरेखीखालचे इस्पितळ मिळाल्यावर लोक रोग्याला तेथे आणायला तयार होत, हा अनुभव मुंबईतही आला. तेथे निरनिराळ्या जातींनी आणि जमातींनी आपापली इस्पितळे उघडली. बाप रोज खिडकीतून दिसतो, त्याला पेज मिळते, बरे वाटले की घरी सोडतात, ही नातेवाइकांच्या तोंडची माहिती जाहीरनाम्यांपेक्षा अधिक पटत होती.

वर्तमानपत्रे, अफवा आणि सत्याची जबाबदारी

‘केसरी’, ‘मराठा’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘सुधारक’ ही पत्रे झडत्यांच्या तक्रारी आणि रोगाची माहिती दोन्ही छापत. वाचता येणारी माणसे थोडी असली, तरी एक अंक दहा जणांत मोठ्याने वाचला जाई. पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या सरकारी प्लेग इस्पितळातील स्त्रियांच्या हालांबद्दल ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून सरकारला जाब विचारला.

गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या खासगी पत्रांच्या आधारे त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला मुलाखत दिली आणि सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचा व त्यांपैकी एकीने जीव दिल्याचा आरोप केला. मुंबई सरकारने तो फेटाळला. जुलैअखेर परतल्यावर गोखल्यांनी पुरावा शोधला, पण पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी नाव पुढे करायला तयार झाले नाही. तेव्हा ऑगस्टच्या आरंभी त्यांनी आरोप बिनशर्त मागे घेऊन जाहीर माफी मागितली. त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली आणि अनेक वर्षे हा डाग त्यांना सोसावा लागला. न्यायमूर्ती रानडे मात्र त्यांच्या पाठीशी राहिले. पुढच्या साथीत गोखल्यांनी स्वयंसेवकांबरोबर पुण्यात प्लेगनिवारणाचे काम केले. जे सिद्ध करता येत नाही ते जाहीरपणे मागे घेणे, ही त्या काळातील सार्वजनिक सचोटीची ठळक घटना होय. झडतीचा जुलूम खरा होता. त्याच्या खऱ्या तक्रारींनाही एका न टिकणाऱ्या आरोपामुळे धक्का बसला, ही या प्रकरणाची दुसरी बाजू.

22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांना गोळी घातली. त्याच हल्ल्यात लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले आणि रँड 3 जुलैला मरण पावले. त्यानंतर ‘केसरी’तील मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि सप्टेंबरमध्ये त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. 1898 मध्ये दंडसंहितेतील राजद्रोहाचे कलम 124-अ अधिक व्यापक करण्यात आले, 153-अ हे नवे कलम आले आणि अफवा पसरवण्याविषयीच्या 505 व्या कलमाची कक्षा वाढवण्यात आली. अफवेला आवर घालण्यासाठी कायद्याचा धाक वाढला, पण खरी माहिती अधिक मोकळेपणाने देण्याची सोय त्याबरोबर झाली नाही. 9 मार्च 1898 रोजी मुंबईत मोमीन विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून पुन्हा दंगल पेटली. सक्तीने रोग आवरत नाही हे त्यानंतर सरकारलाही मान्य करावे लागले, आणि शतक संपता संपता झडत्या व सक्तीचे विलगीकरण बरेच मागे पडले.

लशीचा प्रचार

हाफकिन यांनी मुंबईत प्लेगवर लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. नंतर दमण, बडोद्याजवळचे उंढेरा आणि हुबळी येथे टोचलेल्या व न टोचलेल्या माणसांची तुलना करून आकडे प्रसिद्ध करण्यात आले. सुई गजभर लांब असते, टोचले की माणूस जागीच मरतो किंवा नपुंसक होतो, अशा अफवा तेव्हा फिरत होत्या. आकड्यांपेक्षा जास्त उपयोग झाला तो ओळखीच्या माणसाच्या उदाहरणाचा. तरुण आगाखानांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर स्वतःला लस टोचून घेतली आणि हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला आपली वास्तूही दिली. त्यानंतर खोजा समाजातून मोठ्या संख्येने लोक टोचून घ्यायला आले. 1899 मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात गेली आणि 1925 मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले.

विश्वास कमवायला वर्षे लागली आणि एका अपघाताने तो डळमळला. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुलकोवाल गावात 107 जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी 19 जण धनुर्वाताने दगावले. हे सगळे 53-एन या एकाच बाटलीतून टोचलेले होते. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, अशी हकिकत पुढे आली. चौकशी मंडळाने मात्र दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना पद सोडावे लागले. चौकशीची कागदपत्रे प्रसिद्ध व्हायला जवळजवळ चार वर्षे गेली. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी जाहीर लिखाण केल्यावर 1907 मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. या चार वर्षांत पंजाबात प्लेगने लाखो माणसे नेली आणि लस टोचण्याच्या कामाला मोठी खीळ बसली. एका बाटलीचा दोष आहे, बाकीची लस सुरक्षित आहे, हे वेळीच आणि पुराव्यानिशी सांगितले असते तर अनेक गावांचा निर्णय वेगळा झाला असता.

उंदरांची खूण आणि शास्त्राचा उशीर

जाहीर माहिती अपुरी राहण्याचे आणखी एक कारण होते. रोग पसरण्याचा मार्गच शास्त्राला नीट माहीत नव्हता. घाण, दमट जमीन, कोंदट हवा, संसर्ग झालेले कपडे आणि धान्य यांकडे बोट दाखवले जाई. म्हणून चुना लावणे, कार्बोलिकने फरशी धुणे, सामान जाळणे यांवर सगळा भर होता. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्ये कराचीत प्रयोग करून उंदरावरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो असे दाखवले, पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. 1905 पासून मुंबईत काम करणाऱ्या प्लेग संशोधन मंडळाने, विशेषतः ग्लेन लिस्टन यांच्या प्रयोगांनी, ते पक्के केले.

गावोगावच्या लोकांनी तोवर अनुभवाने एक नियम बसवला होता: उंदीर मरून पडायला लागले की घर सोडायचे. दवंडी पिटली जाई आणि सगळा गाव माळावर किंवा शेतात झोपड्या घालून राहायला जाई. गुरेढोरे, धान्य, चूल सगळे तेथे. उंदीर मेल्यावर त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात, हे कोणाला माहीत नसले तरी घर सोडणे हा नेमका उपाय होता. शास्त्र आणि लोकांचा अनुभव जुळल्यावर सरकारी सूचनांतही मेलेल्या उंदराची खबर देणे, तो हाताने न उचलणे, घर रिकामे करणे आणि लस टोचून घेणे हे मुद्दे आले. ही सूचना पाळायला सोपी होती. कोणाची अब्रू त्यात जात नव्हती आणि तिचे कारण गावकऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होते. त्यामुळे पुढच्या दशकांत गाव उठून माळावर जाणे ही महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनातली नेहमीची गोष्ट बनली.

बीड आणि सुरत, 1994

सुमारे शतकाने हाच रोग पुन्हा बातम्यांत आला. ऑगस्ट 1994 मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे संशयित रोगी आढळले. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगचे रोगी दाखल होऊ लागले. पाण्यात विष कालवल्याची अफवा उठली, मृतांचे सरकारी आणि छापील आकडे जुळेनात, अनेक खासगी डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. काही दिवसांत लाखो माणसांनी सुरत सोडली. त्यांत खानदेशातून आलेले कामगारही होते. टेट्रासायक्लिन बाजारातून नाहीसे झाले. आखाती देशांनी भारताची विमाने थांबवली. सुरतेतील मृत्यू पन्नासच्या आसपास होते आणि वेळेवर घेतलेल्या साध्या प्रतिजैविकाने रोग बरा होत होता. ही दोन वाक्ये विश्वासाने सांगणारा एक अधिकृत आवाज पहिल्या दिवसांत नसल्यामुळे व्यापाराचे आणि पर्यटनाचे नुकसान रोगाच्या मानाने कितीतरी मोठे झाले.

नियमांत आलेला बदल

2003 च्या सार्स साथीत बातमी दडवण्याचे परिणाम जगाने पाहिले. 2005 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साथीच्या काळातील संवादासाठी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. विश्वास जपणे, लवकर जाहीर करणे, पारदर्शक असणे, लोकांचे म्हणणे ऐकणे आणि आधीपासून तयारी ठेवणे ही ती पाच सूत्रे. त्याच वर्षी स्वीकारलेले आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम जून 2007 पासून लागू झाले. आंतरराष्ट्रीय परिणाम होऊ शकेल अशा साथीची खबर देशाने तपासणीनंतर चोवीस तासांत देणे त्यांनी बंधनकारक केले. भारतात 1897 चा साथरोग कायदा मात्र टिकून राहिला. 2009 मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू पसरला तेव्हा आणि 2020 मध्ये करोनाच्या साथीत तोच वापरला गेला. 2020 च्या दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी कडक शिक्षा त्यात आली. लोकांना त्यांच्या भाषेत, वेळेवर आणि पुराव्यासह माहिती मिळण्याचा हक्क त्या कायद्याच्या मजकुरात अजूनही लिहिलेला नाही.